झाडलोटीची पाळी

वसतिगृहात ज्यांनी दिवस काढले त्यांना भोजनगृहाच्या दारालगतचा काळा फळा आठवत असेल. दर रविवारी संध्याकाळी त्यावर आठवड्याच्या पाळ्या लिहिल्या जात. पाणी भरणे, ताटे मांडणे, पटांगण झाडणे, आजारी मुलाजवळ रात्री बसणे. अधीक्षकांचा पुतण्या आमच्याच वर्गात होता. झाडलोटीच्या रकान्यात त्याचेही नाव येई आणि ते आले नाही तर आम्ही मुले गवगवा करीत असू. कळण्याची भाकरी पानात पडण्याआधी अंगण झाडलेले असावे लागे. ते कोणी झाडले हे कोणी विचारीत नसे. मात्र झाडलेले नसले की पाळी कोणाची होती हे सर्वांना ठाऊक असे.

या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आम्हांस शाळेच्या संगणकीय नोंदींविषयी लिहावयास सांगितले. आम्ही चौघे माजी विद्यार्थी हे काम पाहतो. आमच्यापैकी एकजण अमळनेरला मराठी शिकवितो, एकजण भुसावळला रेल्वेत आहे, दोघे पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहेत. लिहावयास बसलो तेव्हा डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा तो फळाच आला.

शाळेचे जनरल रजिस्टर म्हणजे काय हे आपल्या पालकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, जात, आधीची शाळा, सोडल्याची तारीख, एवढी एक ओळ. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर या ओळीत कुठे बौद्ध, कुठे नवबौद्ध, कुठे जुनीच जात, अशा नाना प्रकारच्या नोंदी झाल्या. अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती बौद्धांना १९९० साली मिळाल्या, आणि तेव्हापासून तर बापाच्या ओळीवर मुलीचे महाविद्यालय अवलंबून राहू लागले. जात पडताळणीच्या प्रकरणात वडिलांच्या शाळेचा उतारा मागितला जातो. तो मिळाला नाही तर प्रकरण अडते, आणि प्रवेशाच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये साक्री तालुक्यातून एक बाई शाळेत आल्या. त्यांचे यजमान आपले माजी विद्यार्थी. ते हयात नव्हते. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यावयाचा होता. रजिस्टरचा तो खंड काढला तर त्याची पाने वाळवीने खाल्लेली. तरी आम्ही निश्चिंत होतो, कारण सारी रजिस्टरे आपल्याच माजी विद्यार्थ्यांनी दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्यांत बसून संगणकावर उतरविली होती. संगणक उघडला तर पडद्यावर सूचना आली की वार्षिक वर्गणी थकली असल्यामुळे प्रणाली बंद आहे. अनुदान त्या वर्षी उशिरा आले होते आणि वर्गणी भरावयाची राहून गेली होती. ज्या विक्रेत्याकडून ती प्रणाली घेतली होती त्याने थकबाकी मागितली, आणि नोंदी बाहेर काढून देण्याचे वेगळे शुल्क सांगितले. आम्ही वर्गणी काढून दोन्ही भरले. हाती आल्या त्या नोंदी एका जुन्या फाँटात होत्या. साध्या संगणकावर त्या उघडल्या की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसे. त्यातून पुन्हा मराठी उभे करण्यात कित्येक आठवडे गेले. उतारा निघाला तेव्हा प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. त्या मुलीचे एक वर्ष गेले. बाईंनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही, आणि ते अधिक लागले.

त्या विक्रेत्याने करार मोडला असे आम्ही म्हणणार नाही. कागद आमचा, अक्षर आमचे, सुट्टीतले श्रम आमचे, पण कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशा करारावर आपण सही केली होती. म्हणून नंतर आम्ही मुक्तस्रोत डेटाबेसकडे वळलो. ज्या प्रणालीची मूळ लिपी, म्हणजे ती कशी चालते हे सांगणारा सारा मजकूर, कोणासही वाचता, बदलता आणि वापरता येतो, तिला मुक्तस्रोत म्हणतात. आमची निवड पोस्टग्रेसक्यूएल, लघुनामाने पोस्टग्रेस, हिच्यावर झाली. तिला वर्गणी नाही, आणि तिला कुलूप घालू शकेल असा मालकही नाही.

मालक नाही, हे कसे झाले ते थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ च्या सुमारास मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकांनी हा प्रकल्प आरंभिला. पुढे विद्यापीठाने त्यातून हात काढला. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी तिला नवे रूप दिले, १९९६ मध्ये आजचे नाव मिळाले, आणि तेव्हापासून निरनिराळ्या देशांतील माणसे मिळून ती सांभाळीत आहेत. मायएसक्यूएल ही तिच्याइतकीच प्रसिद्ध मुक्त प्रणाली. तिच्यामागे मात्र एक कंपनी होती. ती कंपनी २००८ मध्ये विकली गेली, २०१० मध्ये तिचा खरेदीदारच दुसऱ्या कंपनीने विकत घेतला, आणि मूळ निर्मात्याला मारियाडीबी नावाची वेगळी चूल मांडावी लागली. पोस्टग्रेस विकत घ्यावयाची म्हटली तर विकणारा कोण हेच सापडणार नाही.

तिचे घर चालते ते पाळीवर. दरवर्षी एक मोठी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीच्या दुरुस्त्या पाच वर्षे केल्या जातात. कोणीही सुधारणा सुचवू शकतो, परंतु ती मूळ लिपीत घालण्याचा अधिकार मोजक्या तिसेक जणांना आहे, आणि तत्पूर्वी इतरांनी ती वाचून, चालवून, तिच्यात खोट काढून दाखवावी लागते. आलेल्या सुधारणा तपासण्यासाठी वर्षातून काही ठरावीक महिने राखलेले असतात. जो आपले काम पाठवील त्याने दुसऱ्या कोणाचे तरी काम तपासावे, अशी तेथे रीत आहे. आपले ताट घासून घ्यावयाचे असेल तर आधी दुसऱ्याचे घासा! कारभाऱ्यांचे एक छोटे मंडळही आहे, आणि त्यात एका कंपनीची माणसे निम्म्याहून अधिक असू नयेत, असा अलिखित नियम होता. २०२० मध्ये दोन कंपन्या एकत्र आल्यामुळे तो मोडला गेला, तेव्हा मंडळाने ही गोष्ट जाहीरपणे सांगितली आणि बाहेरचे दोन सभासद घेऊन तोल सावरला. आपल्याकडील किती संस्थांच्या कार्यकारिणीत एका घराण्याची माणसे निम्म्याहून कमी आहेत, हे वाचकांनी आपापल्या मनाशी मोजावे.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण तसे नाही. धुळे किंवा जळगावच्या न्यायालयात ज्याचा दावा चालू आहे तो आज मोबाईलवर तारीख पाहतो. देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांतील ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील अभियंत्यांनी घडविली आहे आणि तिच्या तळाशी पोस्टग्रेसच आहे. गाभा सर्वांना एक, आणि भोवतीची मांडणी प्रत्येक उच्च न्यायालयाने आपल्या रीतीप्रमाणे करावयाची, अशी तिची योजना आहे. प्रत्येक खटल्याला १६ अक्षरांकांचा एक क्रमांक मिळतो. तो टाकला की मागची तारीख, पुढची तारीख, झालेला हुकूम समोर येतो. शेताच्या बांधाच्या वादापायी शिरपूरहून धुळ्याला केवळ तारीख विचारण्यासाठी खेटे घालणाऱ्या माणसाचे भाडे ज्या वस्तूने वाचविले, ती कोणी फुकट वापरावयास दिली हे त्याला माहीत नाही. माहीत असण्याची गरजही नाही. पण आपल्यापैकी जे संगणक शिकले, त्यांना तरी ते माहीत असावे.

पुण्याचा संबंध याहून जुना आहे. पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली की जुनी ओळ खोडली जात नाही. नवी ओळ शेजारी लिहिली जाते आणि जुनी बाद ठरते. जनरल रजिस्टरात चुकीची नोंद खरवडावयाची नाही, लाल शाईने एक रेघ मारून वर दुरुस्ती करावयाची आणि मुख्याध्यापकांची सही घ्यावयाची, हा नियम ज्यांनी पाळला त्यांना यातील शहाणपण तत्काळ कळेल. अडचण अशी की प्रत्येक नव्या ओळीसाठी साऱ्या सूचींतही नवी नोंद करावी लागे, आणि त्यामुळे काम मंदावे. २००८ च्या आवृत्तीत यावर जो उपाय आला, की सूचीतील मजकूर बदलला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल तर सूचीला हात लावू नये, त्यात पुण्यातील एका अभियंत्याचा मोठा वाटा होता. आज जगात जेथे जेथे ही प्रणाली आहे तेथे तो उपाय रोज वापरला जातो. बाद झालेल्या ओळी साठून राहू नयेत म्हणून त्यांची झाडलोट करणारे एक अंगही तिच्यात आहे, आणि ते बंद ठेवले तर फाइली फुगत जातात. आम्हांला फळा आठवला तो येथे.

आता आमची चूक सांगतो. पोस्टग्रेसवरची शाळेची नोंदवही आमच्यातील एका अत्यंत हुशार मित्राने एकट्याने उभी केली. पुढे त्याला परदेशी नोकरी लागली. जाताना त्याने सारे लिहून ठेवले, रोज प्रत कशी काढावयाची हे कार्यालयात दाखविले, आणि तो गेला. प्रत्येकाला वाटले की प्रत दुसरा कोणीतरी काढीत असेल. एका पावसाळ्यात संगणकाची डिस्क गेली तेव्हा कपाटातली शेवटची प्रत आठ महिन्यांपूर्वीची निघाली. आठ महिन्यांचे प्रवेश आणि दाखले कागदांवरून पुन्हा भरावे लागले. या वेळी कोणी विक्रेता नव्हता, कुलूप नव्हते, थकबाकी नव्हती. मोकळ्या अंगणात आम्ही स्वतःच केर साचू दिला होता.

म्हणून, "फुकट मिळते ते कशाला वापरता, चांगले विकत घ्या," असे जे काही पालक सभेत म्हणाले, त्यांचे आम्ही अर्धे मान्य करतो. वस्तू फुकट मिळते, सांभाळ फुकट मिळत नाही. विकत घेताना आपण सांभाळाचे पैसे देतो आणि किल्लीही देऊन बसतो. मुक्त वस्तू घेताना किल्ली आपल्याकडे राहते आणि सांभाळ अंगावर येतो. मोठ्या कंपन्या पोस्टग्रेसवर काम करण्यासाठी अभियंत्यांना पगार देतात, तो काही परोपकार नव्हे. त्यांचा धंदा तिच्यावर उभा आहे. आपलाही एक छोटा संसार तिच्यावर उभा आहे, मग आपला वाटा कोणता?

विनयात सांघिक वस्तूंविषयी जे नियम आहेत ते या ठिकाणी आठवतात. विहार, जमीन, खाटा, धातूची मोठी भांडी ही गरुभांडे संघाची. ती भिक्खूंनी आपसांत वाटून घ्यावयाची नाहीत आणि कोणाला देऊनही टाकावयाची नाहीत. त्याच विनयात आणखी एक साधा नियम आहे. संघाची खाट किंवा आसन उघड्यावर मांडून, ते परत न ठेवता किंवा ठेवण्याची कोणाला न सांगता निघून जाणारा भिक्खू आपत्तीस पात्र ठरतो. खाट पावसात भिजली तर ती कोणा एकाची भिजत नाही, आणि म्हणूनच ती आत घेण्याची आठवण कोणालाच होत नाही.

आणि आपल्या खानदेशात याचा दाखला शोधावयास फार दूर जावे लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घराघरांतील दप्तरे धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाची साधने २२ खंडांत प्रसिद्ध केली. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाले. समाजरचनेविषयीची त्यांची कित्येक मते आम्हांस मान्य होण्यासारखी नाहीत. परंतु दप्तर घरात कोंडून ठेवणाऱ्यांशी ते जन्मभर भांडले हे खरे, आणि त्यांच्या माघारी धुळेकरांनी संशोधन मंडळ काढून ते कागद सांभाळले हेही तितकेच खरे.

आपला वाटा काय असू शकतो, त्याचे एक उदाहरण देतो. अमळनेरच्या आमच्या मित्राने पहिल्यांदा गावांची यादी वर्णानुक्रमे काढली तेव्हा पाळधी हे गाव पालच्या पाठोपाठ आले. संगणकाच्या सांकेतिक क्रमात ळ हा ल ला लागून बसतो. मराठी कोशात तो ह नंतर येतो. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत भाषेगणिक वर्णक्रम बाहेरच्या मुक्त संग्रहातून घेण्याची सोय झाली होती. मराठीचा क्रम लावताच पाळधी आपल्या जागी गेले. कोणीतरी कधीतरी तो क्रम बसून लिहिला असेल. आम्ही त्याचा लाभ एका ओळीत घेतला.

शोधाची गोष्ट मात्र तशी नाही. नोंदवहीच्या शेरा या रकान्यात 'चोपड्याहून आला', 'धुळ्याच्या शाळेत गेला', 'विहिरीत पडून मयत' असे लिहिलेले असते. शोधताना आपण चोपडा, धुळे, विहीर असे टाकतो आणि काहीच सापडत नाही. इंग्रजी शब्दांची अशी रूपे ओळखण्याचे नियम पोस्टग्रेसच्या गाभ्यात २००८ च्या आवृत्तीपासून आहेत. ते नियम स्नोबॉल नावाच्या मुक्त साधनातून येतात. मार्टिन पोर्टर या संशोधकाने ते घडविले आणि इतरांनी त्यात आपापल्या भाषा घातल्या. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत नेपाळी आणि तमिळ आल्या. २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीत हिंदी आली. मराठी आली नाही. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली, पुण्यात एवढे संगणक-अभियंते आहेत, आणि तरीही नाही. यात कोणी मराठीचा द्वेष केलेला नाही, आणि मोर्चा काढून हे काम होण्यासारखेही नाही. ते काम कोणी करून पाठविले नाही, एवढेच त्याचे कारण.

हे काम करण्यास आधी संगणक येणे आवश्यक नाही, व्याकरण येणे आवश्यक आहे. आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप याकारान्त होते, म्हणून चोपडा चोपड्या होतो. एकारान्त नपुंसकलिंगी धुळे धुळ्या होते. आकारान्त स्त्रीलिंगी शाळा शाळे होते. विहीर विहिरी होताना तिची दीर्घ वेलांटी ह्रस्व होते. अमळनेर मात्र जसेच्या तसे राहते. आठवीच्या वर्गात छड्या खाऊन पाठ केलेले हे नियम, आणि आपल्या शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या किती शिक्षकांना ते अपवादांसह तोंडपाठ आहेत! त्यांच्या शेजारी स्नोबॉलची भाषा शिकलेला एक मुलगा किंवा मुलगी बसली तर मराठीचा तो संच तयार होण्यास दोन उन्हाळे पुरावेत, असा आमचा अंदाज आहे. झाला तर आपल्या रजिस्टरातील विहिरीत पडलेला तो मुलगा सापडेल, आणि न्यायालयांपासून ग्रंथालयांपर्यंत जेथे जेथे मराठी मजकूर आहे तेथे तो संच कोणालाही विनामूल्य घेता येईल.

महोत्सव समितीपुढे प्रवेशद्वाराच्या कमानीचा आणि देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाटीचा प्रस्ताव आहे, हे आम्ही जाणतो. कमानीस आमचा विरोध नाही. शाळेला दर्शनी दार असावे असे आम्हांलाही वाटते. आमचे म्हणणे एवढेच की जमलेल्या निधीतून एक भाग नोंदवहीच्या सांभाळासाठी वेगळा ठेवावा आणि त्याचे व्याज दरवर्षी दोन कामांवर खर्च व्हावे. नववी-दहावीच्या दोन विद्यार्थ्यांना सुट्टीत डेटाबेसचे काम शिकवावे, आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत खरोखर उघडते की नाही हे तपासण्याची दर तीन महिन्यांची पाळी माजी विद्यार्थ्यांत फिरती ठेवावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे, हे आम्ही आठ महिन्यांच्या नोंदी गमावून शिकलो आहोत. हे शिकणे सर्वांनी पुन्हा आपल्या खर्चाने करू नये.

ही पाळी आम्ही गेल्या वर्षापासून आपापसांत सुरू केली आहे. कार्यालयातील संगणकाच्या वरच्या भिंतीवर एक छोटा काळा फळा लावला आहे आणि त्यावर खडूने नावे लिहिलेली आहेत. चालू तिमाहीचे काम भुसावळच्या मित्राकडे आहे. गेल्या महिन्यात त्याने प्रत उघडून पाहिली तेव्हा तीन नोंदींत जन्मवर्षाचे अंक उलटे पडलेले आढळले आणि ते रजिस्टरवरून सुधारले. सामान्यरूपांची पहिली वही अमळनेरला उघडली आहे आणि तिच्यात सध्या गावांची नावे उतरविली जात आहेत. यावल, रावेर, पारोळा, शिंदखेडा या बाजूंची गावे अजून कमी आहेत. फळ्यावर पुढच्या तिमाहीपुढची जागा रिकामी आहे.